ठासणीची बंदूक आणि लोहचुंबक

तुमची ऑनलाइन मागवलेली 'जुनी' ठासणीची (नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची) बंदूक घरी आली आणि घोडा चढवताच तो निखळून हातात आला, हे वाचून हसावं की रडावं कळेना. माझंही हेच झालंय. भिंतीवर लावायला घेतली होती. फोटोत पितळी पट्ट्या, काळपट दस्ता, एकदम झ्याक! हातात घेतली तर खेळण्यासारखी वाटली. उद्यमनगरात मित्राच्या लेथवर नेली. त्यानं काही न बोलता नळीला लोहचुंबक लावला. चिकटेचना. जस्ताचं ओतकाम, वर गंजासारखा रंग. दारू ठासायचा गज नळीत घातला तर चार बोटांवर अडला, पुढं सगळं भरीव. ठिणगी पाडणारी टोपी बसते त्या निपलला, म्हणजे बारीक नळकांडीला, भोकच नाही. म्हणजे बार उडणं शक्यच नाही.

एका अर्थी बरंच झालं म्हणा. उडू शकणारी ठासणीचीही कायद्यानं बंदूकच, १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो. जुनी म्हणून सूट आहे ती दुरुस्त करूनही उडणार नाही अशा बंदुकीलाच. तेव्हा भोक पाडून घेऊ, घोडा वेल्डिंग करू, असल्या भानगडीत पडू नका.

'परत घेत नाही' हे विक्रेत्याचं उत्तर मात्र ऐकून घेऊ नका. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार वर्णनाशी न जुळणारा माल परत घ्यायला त्याला नकार देता येत नाही. मी चुंबकाचा व्हिडिओ काढून ठेवला आणि ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवली. पैसे आले, फक्त पाठपुरावा करून जीव मेटाकुटीला आला.

खोक्यावरचं लेबल आणि बिल फेकलं नाहीत ना?