मदत हवी आहे: योजनेत असूनही हॉस्पिटलने पैसे घेतले, तक्रार कुठे?

घाईत_आहे
वडिलांना मंगळवारी डिस्चार्ज मिळाला. त्याआधी काउंटरवर ४० हजार रोख घेतले आणि एका चिठोऱ्यावर पेनने '४० जमा' लिहून दिलं. पक्की पावती मागितली तर म्हणे "योजनेत पावती नसते". तक्रार कुठे करायची? लवकर सांगा, उद्यापासून माझी ड्युटी आहे.

पाटावरवंटा
कुठली योजना? गाव कुठलं? वडिलांना झालं काय होतं? दवाखाना सरकारी की खाजगी? आम्ही काय ज्योतिषी आहोत का!

निवांत_माणूस
सरळ ग्राहक आयोगात जा. दोन वर्षांची मुदत असते, वकील लागतोच असं नाही. माझी केस साडेतीन वर्षं चालली, पण पैसे व्याजासकट आले.

पाटावरवंटा
साडेतीन वर्षं! त्यांची उद्या ड्युटी आहे हो.

शेवग्याची_शेंग
हार्टचं असेल तर तळकट पूर्ण बंद. माझ्या सासऱ्यांना जवसाच्या चटणीने फार फरक पडला.

घाईत_आहे
अँजिओप्लास्टी. सोलापूर, खाजगी. महात्मा फुले योजना, केशरी कार्ड. चटणीचं नंतर बघू ताई.

रोखठोक
मेडिकल कौन्सिलकडे डॉक्टरची तक्रार ठोका, लायसन्स जाईल.

डेस्कवरचा
दादा, पैसे डॉक्टरने नाही, काउंटरने घेतलेत. कौन्सिल डॉक्टरचं वर्तन बघते, पैसे परत मिळवून देत नाही.
घाईत, मी आरोग्यमित्र (हॉस्पिटलात योजनेच्या पेशंटना मदत करणारा) होतो, म्हणून विचारतो. योजनेची मंजुरी आली होती का? ती असेल तर त्या उपचाराचे पैसे पेशंटकडून घेताच येत नाहीत. योजनेच्या हेल्पलाइनला, १५५३८८ ला फोन करा, तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय ठेवू नका. योजनेच्या जिल्हा समन्वयकाला लेखी अर्ज द्या, आपल्या प्रतीवर पोच घ्या. मंजुरीच नसेल तर तुम्हाला योजनेबाहेरचे साधे पेशंट दाखवलंय, मग बिलासाठी भांडावं लागेल. दोन्हीकडे केसपेपर लागतील. लेखी मागा, ७२ तासांत द्यायचा नियम आहे.

रोखठोक
नियम कागदावर. व्हिडिओ काढून नेटवर टाका, लगेच पैसे परत.

डेस्कवरचा
आणि वडिलांची फॉलोअपची तारीख तिथेच आहे, ते कोण बघणार?

घाईत_आहे
फोन लागला, तक्रार क्रमांक मिळाला. मंजुरी होती म्हणतात! पण चिठोऱ्याच्या मागे आईने भाजीचा हिशोब लिहिलाय, कोथिंबीर १० वगैरे. चालेल का?

डेस्कवरचा
चालेल. दोन्ही बाजूंची झेरॉक्स काढा, मूळ कागद कुणाच्या हातात देऊ नका. त्या दिवशी बँकेतून पैसे काढले असतील तर ती एन्ट्रीही जोडा.

कट्ट्यावरचा
मेडिक्लेम दुसऱ्या कंपनीत पोर्ट करता येतो का?

पाटावरवंटा
नवा धागा काढा.