इंजेक्शन बंद, पण फाइल लगेच बंद नको

मुलाला मिसरूड फुटली, आता ग्रोथ हार्मोनची (उंची वाढवणारं हार्मोन शरीरात कमी असल्याने दिली जाणारी) इंजेक्शनं थांबवू का, असा एका पालकांचा प्रश्न आहे. मिसरूड हा निकष नव्हेच. उलट वयात येतानाच उंची झपाट्याने वाढते, तेव्हाच हात आखडला तर नुकसान आपलंच. डॉक्टर बघतात ते वर्षभरातली वाढ 2 सेंटीमीटरच्या खाली आली का, आणि डाव्या हाताच्या एक्स-रेत हाडांचं वय, म्हणजे हाडं किती पक्व झालीत, ते किती दिसतं (मुलगे साधारण 16, मुली 14 झालं की वाढ जवळपास संपलेली).

थांबवल्यानंतरचं बहुतेक जण विसरतात. महिना ते तीन महिने खंड ठेवून आयजीएफ-1 (ग्रोथ हार्मोनचा अंदाज देणारी रक्ततपासणी) आणि गरजेनुसार स्टिम्युलेशन टेस्ट (औषध देऊन शरीर स्वतः किती ग्रोथ हार्मोन बनवतं ते बघणारी) पुन्हा करायची असते. फक्त हेच हार्मोन कमी आणि कारण सापडलेलं नाही, अशा बऱ्याच मुलांची टेस्ट तेव्हा नॉर्मल येते. सुटले बिचारे! पण पिट्यूटरीची (हे हार्मोन बनवणारी मेंदूखालची ग्रंथी) रचनाच सदोष असेल किंवा तीन-चार हार्मोन कमी असतील, तर कमतरता सहसा कायमची. मग उंचीसाठी नाही, तर हाडं-स्नायू भरण्यासाठी बराच कमी डोस चालू राहतो.

आणि इतर हार्मोनही कमी असल्याने थायरॉइडची गोळी, हायड्रोकॉर्टिसोन (कॉर्टिसॉल या हार्मोनची भरपाई करणारं औषध) चालू असेल तर ते या 'बंद'मध्ये धरू नका. विशेषतः हायड्रोकॉर्टिसोन अचानक थांबवणं जिवावर बेतू शकतं.