काउंटरच्या आत काय घडतं? फास्ट फूडच्या स्वयंपाकघरातले तुमचे अनुभव सांगा

२००८ ते २०१० मी पुण्यात एका बर्गरच्या दुकानात काम करायचो. सकाळी कॉलेज, दुपारी चारपासून रात्री बारापर्यंत शिफ्ट. तासाला २१ रुपये. आजारी पडलो तर त्या दिवसाचा पगार नाही, एवढं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

एकदा मला जुलाब लागले. मॅनेजरला फोन केला, तर म्हणाला, "शनिवार आहे, ग्रिलवर माणूस नाही, गोळी घे आणि ये." गेलो. तीन दिवस त्याच अवस्थेत बर्गर भरले. दर अर्ध्या तासाने हात धुवायची घंटा वाजायची. हात धुवायचं सिंक एकच, तेही मागच्या बाजूला, आणि पुढ्यात फरशी पुसायची बादली. साबणाची बाटली दुपारी संपली की रात्री कोणी भरत नसे. मग हातमोजे होतेच. हातमोजा चढवला की हात धुवायची गरज उरत नाही, असा आमचा सगळ्यांचा समज होता. त्याच मोज्याने फ्रीजची मूठ, त्याच मोज्याने पाव, त्याच मोज्याने कपाळावरचा घाम. त्या तीन दिवसांत माझ्या हातचं खाऊन किती जण आजारी पडले असतील, हा विचार तेव्हा मनात आलाच नव्हता. आता येतो.

हे आज लिहायचं कारण म्हणजे माझा पुतण्या. गेल्या महिन्यात त्याने अशाच एका दुकानात नोकरी धरली. रविवारी त्याचा फोन आला. "काका, कालपासून ताप आहे. मॅनेजर म्हणतो, गोळी घे आणि ये. काय करू?"

आत काम केलेल्यांनी लिहा, बाहेर बसून खाणाऱ्यांनीही लिहा. दुकानांची नावं नकोत. काय घडलं आणि तुम्ही त्या वेळी काय केलंत, ते सांगा.

*

ठाण्यातल्या एका मॉलमध्ये दोन वर्षं किचनमध्ये होते. तळलेल्या पॅटीज गरम कपाटात ठेवायच्या, प्रत्येक ट्रेला टायमर. वेळ संपली की टायमर वाजतो, ट्रे फेकायचा आणि वेस्टच्या वहीत नोंद करायची. नियम उत्तम होता. पण महिन्याच्या शेवटी वेस्ट किती, यावर मॅनेजरचा बोनस ठरायचा. त्यामुळे टायमर वाजला की कोणीतरी हात लांब करून तो पुन्हा शून्यावर आणायचं. गर्दीच्या वेळी गरज नसायची, माल आपोआप संपायचा. दुपारी तीन ते पाच, गिऱ्हाईक नसताना, एकच ट्रे तीन-तीनदा "ताजा" व्हायचा.

स्टिकरचं काम माझ्याकडे होतं. चिरलेला कोबी, उघडलेला सॉस, वितळायला काढलेलं चिकन, प्रत्येक डब्यावर कधी उघडलं आणि कधीपर्यंत वापरायचं याचं स्टिकर लागतं. रात्री बंद करताना ज्यांची मुदत संपली त्यांची स्टिकर्स काढून दुसऱ्या दिवशीची लावायची. गरम पाण्याचा हात फिरवला की जुना कागद सहज निघतो, हे मला सुपरवायझरने शिकवलं. कोबीचं मी करत राहिले. एकदा चिकनचा डबा आला, झाकण उघडल्यावर वास आला आणि मी नाही म्हणाले. तो डबा फेकला गेला. पण दुसऱ्या दिवसापासून मला किचनमधून काढून बाहेर टेबलं पुसायला लावलं, आणि शिफ्ट सहा दिवसांच्या चार दिवस झाल्या. माझ्या पगारावर घरातलं भाडं निघत होतं. पुढच्या महिन्यात मी परत किचन मागून घेतलं आणि स्टिकर बदलू लागले. हे लिहिताना आजही वाईट वाटतं.

तपासणी व्हायची. पण ती येणार हे आदल्या दिवशीच कळायचं. त्या रात्री आम्ही दोन वाजेपर्यंत घासायचो.

*

माझा अनुभव मी बायकोलाही सांगितलेला नाही.

२०११. माझ्यासोबत एक मुलगा काउंटरवर होता, मराठवाड्यातून आलेला, कामात अतिशय चोख. एका गिऱ्हाइकाच्या ऑर्डरमध्ये चूक झाली. त्या माणसाने बर्गर ट्रेसकट काउंटरवर आपटला आणि मुलाच्या आईवरून शिवी दिली. मुलगा काही बोलला नाही. नवीन बर्गर बनवायला आत आला, वरचा पाव उचलला आणि आत थुंकला. मी शेजारी ग्लास भरत होतो. आमची नजरानजर झाली. त्याने पाव लावला, कागदात गुंडाळलं, नेऊन दिलं.

मी काउंटरवरून बघत होतो. त्या माणसाने तो बर्गर स्वतः खाल्ला नाही. समोर बसलेल्या मुलीपुढे सरकवला. सहा-सात वर्षांची असेल. तिने सगळा खाल्ला.

दहा पावलांचं अंतर होतं. "थांबा, यात चूक झाली आहे, दुसरा देतो" एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं, त्या मुलाचं नावही घ्यावं लागलं नसतं. मी म्हटलं नाही.

*

वरचं वाचून बराच वेळ काही सुचलं नाही. शिवी देणारा चुकलाच. पण अन्नात थुंकणं याला बदला म्हणून समजून घ्यायला मी तयार नाही. हातात दुसऱ्याचं अन्न आलं की भांडण बाजूला ठेवावं लागतं. माझी आई खानावळ चालवायची, पैसे बुडवून गेलेला माणूस परत जेवायला आला तर त्याला ती दारातून परत पाठवायची, पण एकदा पान मांडलं की त्या पानात काही कमी करायची नाही.

*

मी अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात शिकायला होते आणि विद्यापीठाच्या कॅफेटेरियात ग्रिलवर काम करायचे. तिथे अन्न हाताळणाऱ्याला फूड वर्कर कार्ड काढावं लागतं. प्रशिक्षण आणि छोटी परीक्षा. त्यात सगळ्यात जास्त भर कशावर होता, तर आजारी असाल तर येऊ नका यावर. उलटी-जुलाब थांबल्यावर किमान २४ तास स्वयंपाकघरात पाय टाकायचा नाही. शिफ्ट सुरू होताना सुपरवायझर रोज विचारायची, पोट ठीक आहे ना? सुरुवातीला मला संकोच वाटायचा.

ही दक्षता का, ते तिथल्या एका जुन्या आचाऱ्याने सांगितलं. १९९३ साली त्याच राज्यात एका मोठ्या बर्गर साखळीच्या अर्धकच्च्या पॅटीतून ई. कोलाय या जंतूचा एक घातक प्रकार पसरला. चार राज्यांत मिळून सातशेहून जास्त माणसं आजारी पडली आणि चार मुलं दगावली. पॅटी आतून किती अंशांपर्यंत शिजली पाहिजे याचा राज्याचा नियम तेव्हाही होता, दुकानं त्यापेक्षा कमी तापमानावर शिजवत होती. मी ग्रिलवर असताना पॅटीत थर्मामीटर खुपसून आकडा बघायचे आणि वहीत लिहायचे. रंग बघून "झालं" म्हणायची परवानगी नव्हती.

तिथे २०१८ पासून कायद्याने पगारी आजारपणाची रजा आहे, दर ४० तासांच्या कामामागे एक तास. मला एकदा ताप आला तेव्हा मी ती घेतली, पैसे कापले गेले नाहीत. धागा सुरू करणाऱ्यांचा पुतण्या आणि मी, दोघांनाही स्वच्छता कळते. फरक एवढाच की मला घरी राहणं परवडलं.

*

माझी वडापाव-भजीची गाडी आहे, सांगली जिल्ह्यात. मोठ्या दुकानांचं वाचलं, आता आमचं सांगते. अन्न विक्रीची नोंदणी काढली आहे, १४ आकडी नंबर गाडीवर रंगवून घेतलाय.

आमच्याकडं खरी अडचण पाण्याची. नळ नाही. घरून चार कॅन आणते. प्यायचं पाणी, चटणीचं पाणी आणि हात धुवायचं पाणी वेगळं ठेवायचं म्हटलं की संध्याकाळी सातला एक कॅन संपतोच. पहिल्यांदा कुठलं संपवायचं हे मनाशी ठरवावं लागतं. पूर्वी मी हात धुवायचं पाणी वाचवायचे, आता नाही. आता पाणी संपलं की गाडी बंद.

दुसरं तेल. काळं पडलेल्या तेलात नवीन ओतून ओतून चालवणारे खूप. सरकारचा नियम आहे, तेलातला खराब अंश २५ टक्क्यांच्या वर गेला की ते वापरायचं नाही. तो मोजायचं यंत्र माझ्याकडं नाही. माझी खूण साधी आहे. फेस वर चढून बसायला लागला, तेल चिकट झालं आणि धूर लवकर यायला लागला की काढून टाकते. महाग पडतं.

वर्तमानपत्राचा कागद मी बंद केला, शाई अन्नात उतरते म्हणून. कोरा कागद आणते. त्यावर गिऱ्हाईकच म्हणतात, "मावशी, पेपरात द्या की, तेल टिपतं."

*

मी अन्न सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो आणि काही वर्षं हॉटेलांच्या तपासण्यांसाठी जायचो. स्वयंपाकघरात शिरल्यावर मी आधी हात धुवायचं सिंक बघायचो. भांडं कोरडं ठणठणीत आणि साबणाच्या तोंडावर वाळलेली पापडी असेल, तर वहीत काहीही लिहिलेलं असो, हात कोणी धुतलेले नाहीत.

"तळलेलं आहे, गरम आहे, म्हणजे सुरक्षित" हा समज घातक आहे. बोटाला कापलेली, पिकलेली जखम असेल तर तिथून स्टॅफिलोकोकस हा जंतू अन्नात जातो. अन्न तासन् तास बाहेर राहिलं की तो विष तयार करतो, आणि पुन्हा गरम केल्यावर जंतू मरतात पण ते विष तसंच राहतं. सकाळी शिजवून पातेल्यात ठेवलेल्या फ्राइड राइसच्या भाताचं असंच, तिथे जंतू वेगळा. म्हणून ५ ते ६० अंश सेल्सिअस या पट्ट्यात अन्न रेंगाळू द्यायचं नाही, हा या सगळ्या धंद्याचा गाभा आहे.

शोरमाबद्दल कळकळीने सांगतो. सळईवरचं मांस बाहेरून भाजलं जातं, आतलं कच्चं असतं. गर्दी झाली की सुरी खोल जाते. २०२२ च्या मे महिन्यात केरळात कासरगोड जिल्ह्यात शोरमा खाऊन अनेक विद्यार्थी आजारी पडले, एक मुलगी दगावली, तपासणीत शिगेला सापडला. हा जंतू आजारी माणसाच्या विष्ठेतून, न धुतलेल्या हातांवरून पसरतो. वर जुलाबांत काम केल्याचं लिहिलं आहे, ते वाचून मला हेच आठवलं. २०२४ च्या मे महिन्यात मुंबईत मानखुर्द-ट्रॉम्बे भागात १९ वर्षांचा मुलगा गाडीवरचा शोरमा खाऊन दगावला. कच्च्या अंड्याचं मेयोनीज हा दुसरा धोका. केरळने २०२३ च्या जानेवारीत त्यावर बंदी घातली.

तक्रार करायची असेल तर बिल जपून ठेवा, त्यावर परवान्याचा क्रमांक असतो. फोटो काढा, वेळ लिहून ठेवा, अन्न व औषध प्रशासनाच्या १८००-२२२-३६५ या नि:शुल्क क्रमांकावर कळवा. विकत घेतलेला पदार्थ शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून तपासून घेण्याचा हक्क ग्राहकाला २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ४० ने दिलेला आहे. फार थोडे लोक तो वापरतात.

*

डिलिव्हरी करायचो. हो, दोनदा फ्राइज खाल्ल्या, पाकिटाचं तोंड नुसतं दुमडलेलं होतं. सकाळपासून पोटात चहा होता. ज्यांच्या त्या होत्या त्यांची माफी मागतो. नंतर चिकटपट्टीचं सील आलं, ते बरं झालं.

*

नागपूरला मुलांबरोबर पिझ्झा खायला गेलो होतो, त्यात झुरळ निघालं. मी खूप आरडाओरडा केला. मॅनेजर आला, पैसे परत दिले, पुढच्या वेळचं कूपन दिलं. मी समाधानाने घरी आलो. आठवड्याने त्याच चौकात तो ऑर्डर आणून देणारा मुलगा दिसला, बाजूच्या मोबाइलच्या दुकानात. त्याला काढलं होतं. त्याचं काम फक्त ताट टेबलावर आणायचं होतं. तोच म्हणाला, मागच्या नाल्याची जाळी तीन महिन्यांपासून तुटलेली होती, तिथल्या कामगारांनी दोनदा सांगितलं होतं. मी जाऊन पाहिलं, जाळी तशीच. तेव्हा मी प्रशासनाकडे लेखी तक्रार दिली. कूपन घेतलं नसतं आणि त्याच रात्री तक्रार दिली असती तर, असं मनात येत राहतं.

*

हा धागा मीच सुरू केला, म्हणून पुतण्याचं पुढे काय झालं ते लिहितो. त्याला मी जाऊ दिलं नाही. रक्त तपासलं, टायफॉइड निघाला. नियमाप्रमाणे अन्नाला हात लावणाऱ्या प्रत्येकाची दरवर्षी वैद्यकीय तपासणी व्हायला हवी आणि टायफॉइडची लसही दिलेली हवी. त्याच्या नावाचं प्रमाणपत्र दुकानात फाइलला लावलेलं आहे, डॉक्टरांच्या सहीशिक्क्यासकट. त्याला आजवर कोणत्याही डॉक्टरने तपासलेलं नाही.

काल मी मॅनेजरला फोन केला. म्हटलं, त्याला टायफॉइड आहे, तो आजारी असताना एक दिवस ग्रिलवर होता, बाकीच्या अकरा मुलांची तपासणी करून घ्या. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "सोमवारपर्यंत येईल का?"

तक्रार आज सकाळी दिली आहे. प्रमाणपत्राचा फोटो जोडला आहे.