मेंदू गेला की नाही, हे आधी सांगा. अवयवांचं नंतर विचारा

वर्धेकर: माझा साडू दारव्ह्याजवळ मोटारसायकलवरून पडला. नागपूरच्या एका दवाखान्यात नऊ दिवस व्हेंटिलेटरवर होता. चौथ्या दिवसापासून डॉक्टर "चान्स कमी आहे" एवढंच म्हणत राहिले. हृदय थांबल्यावर एका सिस्टरनं सांगितलं, मेंदू कधीचाच गेला असावा. तपासणी मात्र कुणी केलीच नाही. त्या पाच दिवसांत मेव्हणीनं तीन एकरांतलं एक एकर गहाण टाकलं.

म्हणून मला वाटतं, लक्षणं दिसली की ब्रेन डेथची, म्हणजे मेंदू कायमचा गेला का याची, तपासणी व्हायलाच हवी, अवयवदान होवो न होवो. निकाल घरच्यांना लेखी मिळावा. दानाचं नंतर, दुसऱ्या माणसानं विचारावं. 1994 च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात मेंदूच्या देठाचा, म्हणजे श्वास चालवणाऱ्या भागाचा, मृत्यू (हीच ब्रेन डेथ) हा मृत्यू आहे. 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात मात्र जीवनाच्या सगळ्या खुणा कायमच्या गेल्या तरच मृत्यू. मग दानाला हो म्हणणाऱ्याचा माणूस मेलेला, आणि नाही म्हणणाऱ्याचा जिवंत?

पऱ्हाटी: दादा, तुमचं दुःख समजते, पन सक्ती नको. माह्या भावाले झोपेत मण्यार चावली. बाहुल्या टॉर्चनं हालत नव्हत्या, चिमटा घेतला तरी काईच नाई. एका डॉक्टरनं सांगतलं, काई उरलं नाई, घरी न्या. आम्ही नाई नेलं. सहाव्या दिवशी त्यानं पायाचं बोट हालवलं. मंग त्यानंच सांगतलं, मले तुमचं सारं बोलनं आयकू येत होतं. तवा सक्तीची तपासनी असती त काय झालं असतं?

आयसीयू सिस्टर: ताई, त्या डॉक्टरनं केली ती ब्रेन डेथची तपासणी नव्हतीच. मण्यारीच्या विषानं स्नायू लुळे पडतात, बाहुल्याही, पण माणूस आत जागा असू शकतो. फवारणीच्या औषधानंही मेंदू मेल्यासारखाच दिसू शकतो. 2017 साली यवतमाळात फवारणीनं किती शेतकरी गेले, हे आपण पाहिलंय. आपल्याकडे हा धोका रोजचा आहे. म्हणूनच विष, भुलीचं वा झोपेचं औषध, थंड पडलेलं अंग, साखर-क्षारांचा बिघाड, यांतलं काही नाही याची खात्री झाल्याशिवाय तपासणी सुरूच करायची नसते.

मग चार डॉक्टर लागतात, त्यांत प्रत्यारोपणाच्या टीमचा एकही चालत नाही. दोनदा तपासतात, मध्ये किमान सहा तास जातात. शेवटी श्वासाची चाचणी. व्हेंटिलेटर बाजूला काढायचा, नळीतून ऑक्सिजन चालू ठेवायचा. रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडचा दाब 60 मिमी पाऱ्याच्या वर गेला तरी छाती हलली नाही, तरच मेंदू गेला असं ठरतं.

पुसदकर: कागदावर ठीक आहे. आमच्या तालुक्यात भूलतज्ज्ञ आठवड्यातून दोनदा येतो, चार डॉक्टर कुठून आणायचे? पेशंट नागपूरला हलवला तर अँब्युलन्सचं भाडं कोण देणार? अपघाताची केस म्हणजे पोलीस, पोस्टमॉर्टेम. आधीच गावात "किडनी काढली" अशी आवई उठते. सक्ती केली तर लोक जखमीला दवाखान्यात आणायलाच घाबरतील.

वर्धेकर: भाड्याचं उत्तर माझ्याकडे नाही. संमतीनंतरचा खर्च दात्याच्या घरच्यांवर टाकता येत नाही, हा नियम आहे. पण आमचं एकर गेलं ते त्याच्या आधीच. पऱ्हाटीताई, सिस्टर, सर्पदंश आणि फवारणीच्या केसेसचं तुमचं म्हणणं मी मानतो. तिथं घाई नकोच. पण डोकं फुटलेल्या माणसाला पाच दिवस "चान्स कमी" म्हणत ठेवणं मला मान्य नाही.

पऱ्हाटी: श्वासाची चाचनी चालू असतानी घरच्या एकाले काचेजवळ उभं राहू देतीन काय? माह्या डोळ्यानं पाह्यलं त मी सही करीन. बाहेर बसवून कागद आनला त नाई करनार.

आयसीयू सिस्टर: आमच्या युनिटमध्ये आम्ही एकाला आत उभं करतो, पलंगाजवळ. मागच्या वेळी बाप होता. पूर्ण वेळ त्याची नजर पोराच्या छातीवर होती.