फुप्फुसांच्या पाठपुराव्यासाठी वारंवार एचआरसीटी : किरणांचा डोस कमी होऊ शकतो का?

प्रश्न : तासगावकर

माझ्या आईला (वय 58, वजन 46 किलो) दोन वर्षांपूर्वी आयएलडीचे (फुप्फुसांच्या ऊतींना सूज येऊन त्या घट्ट होत जाण्याच्या आजाराचे) निदान झाले. गच्चीवर वर्षानुवर्षे पाळलेली कबुतरे हे त्याचे कारण असावे, असे छातीच्या डॉक्टरांचे मत आहे. कबुतरे गेली, खोकला मात्र राहिला. तेव्हापासून सांगली आणि मिरज मिळून तीन एचआरसीटी (फुप्फुसांचे बारकावे दाखवणारे सीटी स्कॅन) झाले. काल तिन्ही पाकिटे काढून बसलो, तेव्हा प्रत्येकातल्या शेवटच्या फिल्मवर आकड्यांचा एक तक्ता दिसला. त्यात ‘डीएलपी’पुढे पहिल्या वेळी 640, दुसऱ्या वेळी 610 आणि तिसऱ्या वेळी, वेगळ्या केंद्रात, फक्त 205 असे छापले आहे. बाई तीच, छाती तीच, मग तिपटीचा फरक कसा? तिसरा स्कॅन कच्चा समजायचा, की आधीच्या दोन्ही वेळी नको तेवढा डोस दिला गेला?

उत्तर : सीटी टेक्निशियन, मिरज

आपण तो तक्ता पाहिलात हे उत्तम केले. बहुतेक लोक रिपोर्टचा शेवटचा परिच्छेद वाचून पाकीट कपाटावर टाकतात. डीएलपी म्हणजे पूर्ण स्कॅनमध्ये मशीनने दिलेल्या किरणांचे माप. छातीच्या स्कॅनसाठी त्याला 0.014 ने गुणले की शरीराला मिळालेल्या डोसचा अंदाज मिलिसिव्हर्ट या एककात मिळतो. म्हणजे 640 चे सुमारे 9 आणि 205 चे 3 च्या जरासे खाली. निसर्गातूनच माणसाला वर्षाला जगभरच्या सरासरीने 2.4 मिलिसिव्हर्ट मिळतात, हे शेजारी ठेवून पाहावे. ‘इतके शे एक्स-रे झाले’ असा हिशेब काही जण सांगतात. गणित बरोबर असले तरी त्याने माणूस विनाकारण घाबरतो.

आता पहिल्या पाकिटातल्या फिल्म पुन्हा पाहा. बहुधा एकाच दिवशी तीन फेऱ्या झालेल्या दिसतील : श्वास भरून, श्वास सोडून आणि पालथे झोपवून. श्वास सोडून घेतलेल्या फेरीत हवा कुठे अडकून राहते ते कळते, आणि पाठीकडचा पांढरेपणा निव्वळ उताणे झोपल्यामुळे आला आहे की खरा आहे, ते पालथ्या फेरीत कळते. निदानाच्या वेळी या फेऱ्यांना अर्थ असतो. पाठपुराव्यात त्या दर वेळी लागतातच असे नाही. तरीही चिठ्ठीवर नुसते ‘एचआरसीटी छाती’ लिहिलेले असले की आम्ही मशीनमध्ये भरलेला नेहमीचा प्रोटोकॉल चालवतो, हे मान्य केले पाहिजे. शिवाय 46 किलोच्या बाईंना 85 किलोच्या माणसाइतका करंट लागत नाही. बाकी सारे तसेच ठेवून एमएएस (करंट गुणिले वेळ) निम्मे केले की डोसही निम्मा होतो. फुप्फुसात हवाच जास्त असल्याने चित्र थोडे दाणेदार झाले तरी बरेच काही दिसते, आणि नव्या मशीनमधले सॉफ्टवेअर तो दाणेदारपणाही पुष्कळ कमी करते.

एक छोटी गोष्ट राहिली. स्कॅन फुप्फुसाच्या टोकापासून तळापर्यंतच हवा. घाईत खाली अर्धे यकृत घेतलेले मी कितीदा पाहिले आहे, आणि खरे सांगायचे तर मीही घेतले आहे.

उत्तर : छातीविकार चिकित्सक, सातारा

वरील माहितीशी मी सहमत आहे, पण एक सावधगिरी आवश्यक वाटते. कमी डोसच्या सीटीचे नाव झाले ते कर्करोगाच्या चाळणीमुळे, म्हणजे लक्षणे नसलेल्यांच्या तपासणीमुळे. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील मोठ्या चाचणीत त्यामुळे फुप्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू 20 टक्क्यांनी कमी झाले आणि तिथला डोस सुमारे 1.5 मिलिसिव्हर्ट होता. मात्र तिथे गाठ शोधायची होती. आपल्या आईंच्या बाबतीत धुरकट काचेसारखी पुसट छटा वाढली की ओसरली हे ठरवायचे आहे, आणि डोस फारच उतरवला तर नेमकी तीच छटा दाण्यांत हरवते. म्हणून 205 मला वाजवी वाटतो. त्याहून खाली जाण्याची चढाओढ नको. पुढचा स्कॅन शक्यतो त्याच केंद्रात, त्याच पद्धतीने व्हावा, म्हणजे तुलना खरी होईल.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे प्रत्येक भेटीला सीटी हवाच असे नाही. फुंकण्याच्या तपासणीतला एफव्हीसी (पूर्ण श्वास भरून जोराने सोडलेली एकूण हवा), डीएलसीओ (फुप्फुसातून रक्तात वायू किती शिरतो त्याचे माप) आणि सहा मिनिटे चालवून पाहिलेला ऑक्सिजन यांवर पुष्कळ काही कळते, आणि त्यांत किरणांचा प्रश्नच येत नाही. हे आकडे घसरले किंवा दम अचानक वाढला, तर मात्र डोसच्या भीतीने स्कॅन टाळू नये. या वयात तो धोका फार लहान आहे.

उत्तर : कराडहून

माझ्या सासूबाईंचा स्कॅन एका केंद्रात लागोपाठ दोनदा करावा लागला, कारण मशीनमधून येणारी ‘श्वास रोखा’ ही सूचना इंग्रजीत होती आणि त्या बिचाऱ्या नेमक्या त्याच वेळी खोकल्या. म्हणजे सगळा डोस दुप्पट. पुढच्या वेळी आम्ही घरी दहा-दहा सेकंद श्वास धरण्याचा सराव करून घेतला आणि टेक्निशियनना विनंती केली, तेव्हा त्यांनी स्वतः माइकवरून मराठीत सांगितले.

तासगावकर

सर्वांचे आभार. पहिल्या पाकिटात खरोखरच तीन फेऱ्या निघाल्या, आणि दुसऱ्यातही. आज डॉक्टरांना भेटलो. पुढच्या महिन्यातला स्कॅन त्यांनी रद्द करून आधी फुंकण्याची तपासणी सांगितली, आणि सीटी लागलाच तर उपयोगी पडावी म्हणून चिठ्ठीवर लिहून दिले : ‘पाठपुरावा, फक्त श्वास भरून एक फेरी, कमी डोस, मागील डीएलपी 205’. ती चिठ्ठी तिसऱ्या पाकिटाला टाचून ठेवली आहे.