गोल्फमध्ये चेंडू टॉप होतो त्यात मानेचा दोष कमी
नवीन माणसाचा चेंडू टॉप का होतो, म्हणजे फटका चेंडूच्या डोक्यावर का बसतो, या प्रश्नावर दोघांनी लिहिलंय, की मान वर उचलली जाते म्हणून. मला हे पटत नाही. मान दाबून धरली की अंग आखडतं, हात कोपरात दुमडतात आणि क्लब, म्हणजे फटक्याची काठी, आणखीच वर येतो. गोल्फच्या चेंडूचा व्यास ४२.६७ मिलिमीटर, म्हणजे मध्यापासून माथ्यापर्यंत जेमतेम दोन सेंटिमीटर! तेवढा फरक पुरतो.

नवीन माणूस चेंडू स्वतः वर उचलायला बघतो, हे खरं कारण. त्या नादात वजन मागच्या पायावर राहतं आणि क्लब चेंडूच्या आधीच सगळ्यात खाली जाऊन वर निघतो. उचलायचं काम क्लबचं आहे. सात नंबर आयर्नचं, म्हणजे मधल्या अंतराच्या फटक्याच्या क्लबचं, पातं त्यासाठीच सुमारे तीस अंश कललेलं असतं.

मैदानावर फक्कीची एक आडवी रेघ मारा. रेघ दोन्ही पायांच्या मधोमध येईल असे उभे राहा आणि चेंडू न ठेवता अर्धाच स्विंग करा. माती रेघेच्या पुढे, लक्ष्याच्या बाजूला खरवडली पाहिजे. मागे खरवडली तर वजन पुढच्या पायावर आलेलं नाही. हे जमेपर्यंत चेंडू ठेवूच नका, कितीही मोह झाला तरी. सांगलीतली काळी माती उन्हाळ्यात दगडासारखी होते, मनगटाला फार हिसका बसतो. आदल्या संध्याकाळी तेवढ्या जागेवर पाणी मारून ठेवा.

ड्रायव्हरला, म्हणजे सगळ्यात लांब फटक्याच्या क्लबला, मात्र हे लावू नका. टीवरचा (जमिनीत खोचलेल्या छोट्या खुंटीवरचा) चेंडू क्लब वर जातानाच घ्यायचा असतो.