जुन्या व्हॅन आणि नवे महामार्ग : तुमचे अनुभव सांगा

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मारुती व्हॅन दिसलीच तर अगदी डाव्या लेनमध्ये, ट्रकच्या मागे. बजाज टेम्पोची मॅटाडोर तर दिसतच नाही. एकेकाळी लग्नाचं वऱ्हाड, शाळेची पोरं, पेशंट, भाजी सगळं यातूनच जायचं. या गाड्या खरंच भंगारात गेल्या, की फक्त या रस्त्यांवरून उठल्या? ज्यांनी चालवल्या, दुरुस्त केल्या, मागे कोंबून बसून प्रवास केला, त्यांनी लिहा. उसासे कमी, गाडी जास्त.

केटरिंगवाला, तळेगाव
आमची ओम्नी, म्हणजे तीच मारुती व्हॅन, रोज चालते. पातेली, शेगड्या आणि दोन माणसं. मुंबईची ऑर्डर असली तरी एक्सप्रेसवे नाही, जुना हायवेच. तिकडे सपाटीला १०० ची मर्यादा आणि ही ८० च्या पुढे थरथरायला लागते. शेजारून व्होल्वो गेली की आख्खी गाडी बाजूला ढकलली जाते, वर मागून डिपर मारणारे आहेतच. बोरघाटात दोन्ही रस्ते काही अंतर एकत्र येतात, तेवढंच काय ते एक्सप्रेसवेचं सुख. घाटात मात्र लोड ट्रकना आम्ही आरामात मागे टाकतो!

गॅरेजवाला, नगर
ओम्नीला बोनेट उघडून इंजिन बघायची सोयच नाही. आधी ड्रायव्हरला उठवायचं, मग सीट उचलायची. खाली ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, मारुती ८०० चंच. गिअर चार. पाचवा नसल्यामुळे नव्वदला इंजिन नुसतं किंचाळतं. गावातल्या गावात चालवा, मरत नाही. दोन-तीन तास सलग ताणली की पाणी तापतं आणि मग हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनातलं सील, जातं. गिऱ्हाइकाला मी एवढंच सांगतो, बुडाखाली चटका जाणवला की थांब, काट्याची वाट बघू नकोस. गाडी वाईट नाही हो, रस्ता तिच्यासाठी बांधलेला नाही.

शिक्षिका, वाशीम
डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला आणि ह्यांना हौस आली. कारंज्याला चढलो. रस्ता सरळसोट, कारना १२० ची मुभा, आमची ओम्नी आपली सत्तरवर. उघड्या माळावर वारा आडवा आला की ही उंच, हलकी गाडी चालते कमी आणि डोलते जास्त. गाडी गॅसवरची, पंप दिसेना. टायर जुने, त्यात सिमेंटचा रस्ता. खाली उतरायला पुढचं इंटरचेंज येईपर्यंत जीव टांगणीला. मेहकरला उतरलो आणि चहा प्यायलो. आता शिर्डीला एसटीने जातो.

आकुर्डी
वडील बजाज टेम्पो कंपनीत होते, म्हणून मॅटाडोरची बाजू मांडतो. तिची ओढ पुढच्या चाकांवर. मागच्या चाकांना ओढ देणारं शाफ्ट-डिफरन्शियल खाली नसल्याने फळी खाली असायची, दुधाचे कॅन उचलून टाकायला सोपं. तोटाही तोच. मागे माल जास्त भरला की पुढची चाकं हलकी पडायची आणि पावसात चढावर जागच्या जागी फिरायची. मग क्लीनर उतरून चाकाखाली दगड लावणार! १९८७ मध्ये टेम्पो ट्रॅव्हलर आली आणि प्रवासी वाहतूक हळूहळू तिच्याकडे गेली.

नर्स, सांगली
एवढं कौतुक वाचलं म्हणून लिहिते. पुढे बसणाऱ्याच्या गुडघ्यापुढे एक पत्रा, बस्स. समोरासमोर धडक झाली की आधी पाय जातात. मी अशा केसेस बघितल्यात. नव्या सुरक्षा नियमांत बसणार नव्हती म्हणून २०१९ मध्ये ओम्नी बंद झाली, ते योग्यच झालं. बाजारहाटाला वापरा, ना नाही. हायवेवर पोरंबाळं घालून नेऊ नका.

श्टुटगार्ट
इथे तीस वर्षं जुनी, नीट राखलेली गाडी असेल तर नंबरच्या शेवटी 'एच' मिळतो आणि करात सवलत. शेजाऱ्याची जुनी फोक्सवागन व्हॅन तशीच आहे. ऑटोबानवर ट्रकना ८० ची मर्यादा. तो त्यांच्याच रांगेत निवांत चालवतो. चिडत कोणी नाही, उलट हात करतात.

भाजीवाला, नारायणगाव
आमच्याकडे उलटं. ओम्नीला पंधरा वर्षं झाली म्हणून ग्रीन टॅक्स भरला आणि रीपासिंग करून घेतलं, पुढची पाच वर्षं मोकळा. पुण्याला जातच नाही. शेत ते मार्केट यार्ड आणि परत, सगळा आतला रस्ता. तिथे या, सकाळी गेटवर ओम्नींची रांगच दाखवतो.